शंभरापेक्षा कमी अमिनो आम्लांची प्रथिनं पेशीत खरंच काम करतात, की तो नुसता कचरा असतो?

काही नक्की काम करतात. बरीचशी मात्र बनल्या बनल्या मोडली जातात.

ती इतकी वर्षं दिसली नाहीत याचं मुख्य कारण जनुकं मोजायची पद्धत. १०० अमिनो आम्लांपेक्षा छोटी वाचनचौकट (प्रथिन म्हणून वाचता येईल असा सलग भाग) योगायोगानेही तयार होते, म्हणून सहसा ती यादीत धरतच नसत. २००९ साली रायबोसोम प्रोफायलिंग आलं, म्हणजे प्रथिनं बनवणारी पेशीतली यंत्रं, रायबोसोम, कुठे बसली आहेत ते पाहायची पद्धत. रायबोसोम आरएनएवर (जनुकाच्या नकलेवर) बसलेला असताना त्याच्याखालचा साधारण ३० अक्षरांचा तुकडा आरएनए कापणाऱ्या विकरांपासून बचावतो. असे तुकडे वाचत गेल्यावर ज्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही असं आपण शिकलो होतो, त्यांवरही रायबोसोम सापडले.

मला स्वतःला यातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो तो रायबोसोमच्या बोगद्याचा. नवी साखळी ज्या बोगद्यातून बाहेर पडते त्यात ३० ते ४० अमिनो आम्लं मावतात. सार्कोलिपिन हे स्नायूंतलं प्रथिन अवघं ३१ अमिनो आम्लांचं. म्हणजे त्याचं टोक नीट बाहेर डोकावायच्या आधीच ते बनून पूर्ण झालेलं असतं! पटलात (पेशीतल्या पातळ पापुद्र्यात) बसणारी मोठी प्रथिनं बनत असतानाच मदतनीस रेणू त्यांना धरून पटलापाशी नेतात. इथे तेवढी सवडच नाही. त्यामुळे सार्कोलिपिन पूर्ण बनून सुटल्यावर दुसऱ्या मदतनिसांकरवी पटलात रोवलं जातं.

तिथे ते स्नायूपेशीतलं कॅल्शियम उपसून साठवणाऱ्या कॅल्शियम पंपाला चिकटून त्याचा वेग कमी करतं. ड्वॉर्फ नावाचं ३५ अमिनो आम्लांचं प्रथिन नेमकं उलट करतं: अशा रोधकांना बाजूला सारून पंप मोकळा करतं. त्याचा आरएनए २०१६ पर्यंत 'प्रथिन न बनवणारा' म्हणूनच नोंदलेला होता. बहुतेक छोटी प्रथिनं अशीच दुसऱ्या मोठ्या प्रथिनाला धरून काम करतात, कारण एकट्याने पक्की घडी घालायला लांबी पुरत नाही.

उरलेल्यांपैकी अनेकांची शेपटी पाण्याला नकोशी, तेलकट असते. बॅग६ हे प्रथिन ती ओळखतं आणि त्यांची रवानगी प्रथिनं मोडणाऱ्या प्रोटिएझोमकडे होते. पण अशा तुकड्यांतले काही पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात आणि रोगप्रतिकारक पेशी ते तपासतात, म्हणून 'कचरा' हा शब्द मी जपून वापरते.

एखादं छोटं प्रथिन खरंच कामाचं आहे का, हे पाहायचं असेल तर आरएनए तसाच ठेवून फक्त सुरुवातीचा कोडॉन (जिथून प्रथिन बनायला लागतं ती तीन अक्षरं) बिघडवतात. परिणाम नाहीसा झाला, तर काम आरएनए नव्हे, प्रथिन करत होतं.