घरी लिनक्स, ऑफिसात सक्तीचं विंडोज: पहिल्या नोकरीत तत्त्व सोडायचं की नोकरी?

तुम्ही विचारलं आहे, की पहिली नोकरी मिळाली आहे, घरी कॉलेजपासून डेबियन (लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) आणि व्हिम (कीबोर्डवरूनच चालणारा टेक्स्ट एडिटर) वापरता, मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर, मनापासून विश्वास आहे, आणि कंपनीत मात्र मायक्रोसॉफ्टचं विंडोज, त्यांचंच कोड लिहायचं व्हिज्युअल स्टुडिओ आणि बोलण्यासाठीचं टीम्स याशिवाय काही चालणार नाही. मग नोकरी घ्यावी का?

घ्या. लॅपटॉप कंपनीचा आहे, त्यावर काय चालेल ते कंपनी ठरवणार. एवढ्याने कुणाचं तत्त्व मोडत नाही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट तुमच्या गळी उतरवायचा प्रयत्न होईल, की तुमची आवड म्हणजे पोरकटपणा होता. ती अजिबात गिळू नका. हे मी एवढ्या जोरात का सांगतेय, त्याला कारण आहे.

२०१५च्या सुमाराची गोष्ट. पुण्यातली मध्यम आकाराची कंपनी, विमा क्षेत्रातला क्लायंट, सगळं काम डॉटनेटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्मवर. मीही तुमच्यासारखीच लिनक्सवर वाढलेली. रुजू झाल्यावर लिनक्सचं मशीन मिळेल का एवढंच विचारलं, तर टीम लीड सगळ्यांसमोर म्हणाले, ''अगं, कॉलेजातली हौस गेटबाहेर ठेवून यायची.'' मी विंडोजचं मशीन घेतलं आणि कामाला लागले. गिटबरोबर (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) गिट बॅश नावाची कमांडची खिडकी येते, त्यात व्हिम असतो, ग्रेप (फायलींत मजकूर शोधणारी कमांड) असतं. मला तेवढं पुरत होतं. कुणाकडून काही इन्स्टॉल करून घ्यावं लागलं नाही.

त्या प्रोजेक्टचा बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचं काम, फक्त एका सीनियरच्या मशीनवर व्हायचा. व्हिज्युअल स्टुडिओ उघडायचा, बटण दाबायचं, बाहेर आलेल्या फायली झिप करून सर्व्हरवर टाकायच्या. बाकी कुणी तेच बटण दाबलं, की एररची रांग. याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मी प्रोजेक्ट फाइल, म्हणजे बिल्डला काय काय लागतं याची यादी असलेली फाइल, व्हिममध्ये उघडली. आत साधं एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर असतो, आणि त्यात जागोजागी त्या सीनियरच्या डी ड्राइव्हवरचे पत्ते लिहिलेले होते. व्हिज्युअल स्टुडिओतही ते दिसतात, पण एकेका रेफरन्सवर क्लिक करत कोण बसतं? ग्रेपने सगळे एका फटक्यात समोर आले. मग लागणाऱ्या डीएलएल (तयार कोडच्या फायली) रेपोतच, म्हणजे कोडच्या साठ्यातच, एका फोल्डरमध्ये ठेवल्या, पत्ते रिलेटिव्ह केले म्हणजे कुठल्याही मशीनवर चालतील असे केले, एमएसबिल्डला (बटणामागे खरं बिल्ड करणारं साधन) हाक मारणारी छोटी बॅच फाइल, म्हणजे कमांडची यादी, लिहिली आणि सगळं वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे मूळ कोडला धक्का न लावणाऱ्या वेगळ्या प्रतीवर, टाकून लीडना रिव्ह्यूसाठी मेल केला. उत्तर आलं, ''प्रोजेक्ट फाइलला हात लावायचा नाही.'' बरं. ब्रँच तशीच राहू दिली.

गणपतीत ते सीनियर कोकणात गावी गेले. ऐन त्याच आठवड्यात क्लायंटकडे प्रीमियमचा हिशोब चुकायला लागला. दुरुस्ती दोन ओळींची, पण बिल्डच होईना. लीडनी दुपारपर्यंत स्वतःच्या मशीनवर झटापट केली. मी म्हटलं, ''सर, ती ब्रँच अजून आहे.'' ''दाखव.'' कमांड प्रॉम्प्ट उघडला, बॅच फाइल चालवली, बिल्ड झाला. टेस्टिंगवाल्यांनी तपासलं आणि संध्याकाळी हॉटफिक्स, म्हणजे ती तातडीची दुरुस्ती, क्लायंटच्या चालू सिस्टिमवर गेला.

पुढच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न होता, ''हे तू कुणाला विचारून केलंस?'' मेल त्यांच्याच इनबॉक्समध्ये पडला होता. आणि त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे लिहिलं गेलं: टूल्सच्या बाबतीत आडमुठी.

हे मला अजून खुपतं. त्यांना वाटलं माझा हट्ट काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायचा आहे. बटण दाबल्यावर आत नेमकं काय चालतं हे बघायची सवय मला लिनक्सने लावली, आणि त्या दिवशी कंपनी त्याच सवयीमुळे सुटली. बरं, एमएसबिल्ड काही मी लिनक्सहून आणलेलं नव्हतं. ते मायक्रोसॉफ्टचंच, २००५पासून डॉटनेटबरोबर मिळणारं. ज्यांनी विंडोजची शपथ घेतली होती त्यांनीच ते कधी उघडून पाहिलं नव्हतं.

आणि ज्याला ते हौस म्हणत होते त्याच जगातून गिट आलं. २००५मध्ये लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्याच्या गाभ्यासाठी, बिटकीपर हे कोडमधले बदल सांभाळणारं बंदिस्त साधन फुकट वापरायची मुभा गेली, म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं. आज ते बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत वापरलं जातं. २००१मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१४मध्ये डॉटनेटचा गाभा ओपन सोर्स करायची, म्हणजे कोड सगळ्यांना खुला करायची घोषणा केली, २०१६मध्ये विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय आणली, म्हणजे डब्ल्यूएसएल, आणि २०१८मध्ये गिटवरचे प्रकल्प ठेवायची गिटहब ही साइट विकत घेतली. आमचे लीड मात्र होते तिथेच होते.

तर तुमच्या कामाचं. डब्ल्यूएसएल हवं असेल तर आयटी सपोर्टला लेखी विचारा, नाही म्हणाले तर चोरून घालू नका. व्हिमचे कीबोर्ड शॉर्टकट व्हिज्युअल स्टुडिओतही व्हीएसव्हिम नावाच्या एक्स्टेन्शनने मिळतात, हात सुखावतो. घरच्या व्हिमरसीत, म्हणजे व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा पुसणारी सेटिंग असेल तर ती इथे बंद ठेवा, नाहीतर एका ओळीच्या बदलासाठी फाइलभर ठिकठिकाणी बदल दिसतील आणि रिव्ह्यू करणारा तुमच्यावर वैतागेल, रास्तपणे. कंपनीचा कोड स्वतःच्या लॅपटॉपवर कधीही नेऊ नका, तिथे कितीही छान डेबियन असलं तरी.

लायसन्सकडे मात्र डोळे उघडे ठेवा, कारण तिथे तुमच्या तत्त्वांचा कंपनीला खरा उपयोग आहे. व्हिज्युअल स्टुडिओची फुकट कम्युनिटी आवृत्ती मोठ्या कंपनीला आपल्या व्यावसायिक कोडसाठी वापरता येत नाही. २५०हून जास्त मशीन किंवा वापरणारे, किंवा वर्षाला १० लाख डॉलरहून जास्त उलाढाल, यांतलं काही एक असलं की ती मोठी धरली जाते. डॉकर डेस्कटॉपलाही (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) मोठ्या कंपन्यांना २०२१पासून पैसे भरावे लागतात. फुकट डाउनलोड होतं म्हणजे वापरायला मोकळं, असं समजणारे सीनियर तुम्हाला भेटतील. ते अटींचं पान तुम्ही वाचलेलं असतं, त्यांनी नाही. सांगा, आणि मेलवर सांगा. तोंडी सांगितलेलं अप्रेझलच्या वेळी कुणाला आठवत नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. बँक किंवा संरक्षणाचं काम असेल तर वरचं बरंचसं लागू नाही, तिथे दिलेल्या यादीबाहेरचं काहीही मशीनवर येता कामा नये आणि ते बरोबरच आहे. आणि बंदिस्त सॉफ्टवेअरला हातच लावायचा नाही इतकं तुमचं तत्त्व पक्कं असेल तर ही नोकरी तुमच्यासाठी नाही. मग लिनक्सवरच काम चालणाऱ्या कंपन्या शोधा, लिनक्सवर उभी असलेली रेड हॅट कंपनी, तिचं ऑफिस पुण्यातच आहे. पण तिथली मुलाखत होईपर्यंत हातातली ऑफर सोडू नका, आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडायचा करार, असेल तर सही करण्याआधी तो शेवटच्या पानापर्यंत वाचा.