नकाशावरची नोंद परक्याच्या हाती

प्रश्न : गूगल मॅप्सवर आमच्या व्यवसायाच्या नावाखाली भलताच फोन नंबर दिसतो. ग्राहक तिकडेच फोन लावतात. काय करावं?

उत्तर : आधी नोंद कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. मालकीचा दावा करण्याचा पर्याय दिसत असेल तर ती बेवारस आहे. आजच दावा करून पडताळणी पूर्ण करा. नंबरातला बदल कोणीही सुचवू शकतो, घात तिथेच होतो. दुसऱ्याने पडताळणी केली असेल तर मालकी मागा. सध्याच्या धारकाला उत्तरासाठी ३ दिवस मिळतात. हा नियम तुमच्यावरही उलटू शकतो! मालकी मागणारा ईमेल तुम्हाला आला आणि तसाच पडून राहिला, तर नोंद हातची जाऊ शकते. चुकीच्या नंबराचा स्क्रीनशॉट तारखेसह जपा. घाईने दुसरी नोंद मात्र उघडू नका, दुबार ठरून गुंता वाढतो.