विंडोज एक्सपी बूट होत नसेल तर आधी डिस्कचा कंट्रोलर बघ

भावा, अंबडच्या वर्कशॉपमधल्या जुन्या पीसीची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब कॉपी, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलीस आणि निळा स्क्रीन येऊन शेवटी ७बी (बूटची डिस्क सापडत नाही, ही एरर) दिसतंय ना, मग विंडोज परत टाकायच्या भानगडीत पडूच नको. एक्सपी २००१ सालचं, त्यात साटा एएचसीआयचा, म्हणजे डिस्क जोडायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हरच नाही, त्यामुळे त्याला डिस्कच सापडत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन डिस्क साटावरून काढ, आयडीई पीआयआयएक्स४ या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरला लाव, बहुतेक वेळा तिथेच काम होतं. ईएफआय (बूट करायची नवी पद्धत) बंदच पाहिजे. आणि आयओ एपिक (इंटरप्ट सांभाळणारी चिप, तिथल्याच सेटिंगमध्ये असते) चालू असताना विंडोज इन्स्टॉल झालं असेल तर तो नंतर बंद करू नको, परत अडकेल. एक्सपीऐवजी विंडोज ९८ असेल तर रॅम ५१२ एमबीच्या आतच ठेव. पण काहीही बदलायच्या आधी त्या इमेजची कॉपी काढून ठेव रे, मालकाचा सगळा जुना हिशोब त्यातच आहे.