वाचकांचे प्रश्न : झोन बदलतोय, चर्चने गप्प बसायचं का?

प्रश्न : वस्तीला लागून मोकळी जागा आहे, आराखड्यात ग्रीन झोन. आता ती कमर्शियल करायची नोटीस निघालीय. पावसाचं पाणी तिथेच मुरतं, पोरं तिथेच खेळतात. चर्चमध्ये विषय काढला तर म्हणे रोमकरांस 13 वाचा, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, आपण प्रार्थना करू. विश्वासणाऱ्याने हरकत घेणं चुकीचं आहे का?

उत्तर : अजिबात नाही. रोमकरांस 13 ज्याने लिहिलं त्या पौलाचंच बघा ना. फिलिप्पै शहरात त्याला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की सोडा त्यांना, तर हा गडी गुपचूप निघालाच नाही, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं म्हणाला (प्रेषितांची कृत्ये 16). पुढे तर थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, अपील. आणि हरकती मागवायची नोटीस सरकारच काढतं ना, मग हरकत दिली तर ते बंड कसलं?

मला या विषयात नाबोथाची गोष्ट जास्त टोचते (1 राजे 21). अहाब राजाला वाड्याशेजारचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता, म्हणजे लँड यूज चेंजच म्हणा की. नाबोथ वाडवडिलांची जमीन देईना. तर अहाबाची राणी ईजबेल हिने सरळ लूट केली नाही, तिने प्रोसिजर केली : राजाच्या शिक्क्याची पत्रं, उपासाची घोषणा, दोन खोटे साक्षीदार, सगळं रीतसर. गावच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं तसं केलं, खोट्या आरोपावरून नाबोथाला दगडमार करून मारलं, कुणी विरोध केल्याची नोंद नाही. एलीया संदेष्टा पोचला तोवर नाबोथ मेलेला होता. तेव्हा प्रार्थना जरूर करा, पण हरकतीची मुदत संपायच्या आत लेखी अर्जही द्या.

अर्जात वचनं नकोत हं. समोरच्या अधिकाऱ्याला वचनावर निर्णय देता येत नाही, तो विश्वासणारा असला तरी. सुनावणीत नाव पुकारतात, मोजकी मिनिटं मिळतात आणि आपल्याकडे अर्धी प्रस्तावनेतच जातात. सर्व्हे नंबर सांगा, नकाशात आत्ता काय दाखवलंय ते सांगा, पाणी कुठून कुठे वाहतं त्याचे तारखेसकट पावसाळी फोटो लावा, रस्त्याची रुंदी मोजून लिहा आणि दोन ट्रक उभे राहिले तर अँब्युलन्स जाईल का ते विचारा. एकच मजकूर छापून सह्यांचा ढीग लावण्यापेक्षा चार घरांनी आपापला अनुभव लिहिलेला बरा. आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, नाहीतर अर्ज मिळालाच नाही म्हणायला ते मोकळे. आणि बाकीच्या धर्माच्या शेजाऱ्यांना सोडून जाऊ नका. यिर्मया 29 मध्ये देवाने बंदिवानांना बाबेलचं, म्हणजे परक्यांच्या शहराचं, भलं बघायला सांगितलंय.

प्रश्न : आमच्या रेसिडेन्शियल भागात मानसिक आजारातून बरं होणाऱ्यांसाठी निवासी केंद्र येतंय. चर्चमधलेच लोक 'कम्युनिटी वाचवा' म्हणून सह्या गोळा करतायत. सही करू?

उत्तर : मी नसती केली. झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं याचे नियम, माणसांना दूर ठेवायलाही वापरलं गेलंय. अमेरिकेत लुईव्हिल शहराचा कायदा काळे आणि गोरे कुठल्या गल्लीत राहणार हे ठरवत होता, तो 1917 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. पण 1926 मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावच्या केसमध्ये झोनिंगला मान्यता देताना त्याच कोर्टाने बंगल्यांच्या भागातल्या अपार्टमेंट बिल्डिंगला चक्क बांडगूळ म्हटलं, म्हणजे तिथे राहणाऱ्यांना काय वाटलं असेल बघा.

कागदावर तक्रार इमारतीची आहे की माणसांची, एवढं तपासा. पार्किंग, सांडपाणी, आग लागली तर बाहेर पडायची वाट, हे बिनधास्त विचारा आणि लेखी उत्तर मागा. 'तसले लोक' असं कुठे दिसलं की कागद परत द्या. 'माझा शेजारी कोण' हे येशूला विचारणारा शास्त्रीही स्वतःला नीतिमान ठरवायलाच विचारत होता (लूक 10). सही नाकारून नुसतं घरी बसू नका मात्र. केंद्र चालवणाऱ्यांना एखाद्या रविवारी उपासनेनंतर बोलवा, आणि सह्या गोळा करणाऱ्यांनाच पहिले प्रश्न विचारू द्या, रात्री स्टाफ किती असतो इथपासून.