कानाची पाळी

“मॅडम, परवा रात्री मी तिला गादीवर आपटलं. म्हणजे अगदी आपटलं नाही... पण नीट ठेवलंही नाही.”

एवढं बोलून ती गप्प झाली. तिची मुलगी सव्वादोन वर्षांची. इथे तिला आपण छकुली म्हणू. साडेदहाला कशीबशी झोपणारी छकुली सकाळपर्यंत चार-पाच वेळा उठायची, आणि सहा महिने हेच चाललं होतं. त्या रात्री चौथ्यांदा उठवल्यावर आईचा तोल गेला. ती ओरडली, मुलीला तशीच गादीवर टाकून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडत बसली. “मूल रात्री झोपत नाही, काय करू?” असं फोनवर सांगून तिने वेळ घेतली होती. समोर बसल्यावर मात्र निघाला तो दुसराच प्रश्न: “मी वाईट आई आहे का?”

झोपेची तक्रार घेऊन आलेल्या आया थोड्याफार फरकाने हेच विचारतात. म्हणून मी मुलाच्या झोपेआधी आईबद्दल बोलते. महिनोन् महिने तुकड्या-तुकड्यांत झोपणाऱ्या माणसाचा संयम सुटतो, विसराळूपणा येतो, बारीकशा गोष्टीने डोळे भरून येतात. तो त्याचा स्वभाव नसतो, ती झोपेची थकबाकी असते. मी तिला म्हटलं, “तुम्ही खोलीतून बाहेर गेलात ना, ते बरोबर केलंत. पुढच्या वेळी फक्त जरा आधी जा.” राग अनावर होतोय असं वाटलं की मुलाला पडणार नाही अशा सुरक्षित जागी ठेवायचं, दुसऱ्याला उठवायचं आणि पाच मिनिटं बाजूला व्हायचं. तेवढ्या वेळच्या रडण्याने मुलाला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मात्र लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे मी प्रत्येक आईबाबांना स्पष्ट शब्दांत सांगते, त्यांना ऐकायला कितीही अवघड वाटलं तरी.

आणखी एक विचारलं, “मुलगी झोपलेली असताना तुम्हाला झोप लागते का?” ती म्हणाली, “डोकं टेकलं की लागते.” मला बरं वाटलं. संधी मिळूनही झोप येत नसेल, कशातच मन रमत नसेल, नको ते विचार येत असतील, तर आधी आईला उपचारांची गरज असते. तिथे मुलाच्या वेळापत्रकात वेळ घालवू नये.

बोलताना तिचा हात सारखा डाव्या कानाकडे जात होता. पाळी लालसर झाली होती, कानातलं काढून ठेवलेलं. मी विचारलं तर म्हणाली, “तिला हे धरूनच झोप लागते. अंगावरचं दूध सोडवलं तेव्हापासून.” म्हणजे रोज रात्री आई मुलीच्या बाजूला कुशीवर, मान वाकडी करून, कान तिच्या चिमटीत देऊन पडून राहणार. झोप लागली की एकेक बोट सोडवत उठणार. तासाभराने पुन्हा हाक.

मी लगेच काही सुचवलं नाही. आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्याला कारण आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाच्या आईबाबांना तीन आठवडे झोपायच्या सवयी बदलायला लावल्या. मूल रोज घोरायचं, तोंड उघडं ठेवून झोपायचं. ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या निघाल्या. ते तीन आठवडे त्या मुलाचे मी फुकट घालवले, याची बोच अजून आहे. तेव्हापासून पहिल्या भेटीतच विचारते: घोरतं का, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो का, आडवं केलं की कान दुखल्यासारखं रडतं का, रात्री शीच्या जागी खाजवतं का, पाय सारखे झाडतं का? खाज जंतांमुळे असू शकते, आणि अस्वस्थ पायांमागे कधी कधी लोहाची कमतरता असते. यांवर अंगाईचा उपयोग नाही. छकुलीच्या तपासणीत काही निघालं नाही. वजन-वाढ उत्तम, त्यामुळे रात्री तीनच्या दुधाच्या बाटलीची गरज नाही, उलट त्याने दात किडतील, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

मग सात रात्रींची नोंद ठेवायला दिली. त्यातली एक रात्र अशी: झोप १०.३५. उठली १२.१०, कान. १.१५, कान. २.२०, बाबांनी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, शेवटी मोबाइलवर व्हिडिओ लावला. ३.२५, बाटली. ५.००, कान. दुपारची झोप ४ ते ६.१५.

त्या आकड्यांवरून मी पेन फिरवत होते तेव्हा बाबा म्हणाले, “दर तासाने गजर लावल्यासारखी उठते.” त्यांना वाटत होतं तितकं ते विचित्र नव्हतं. झोप ही सलग नसते, तिच्या फेऱ्या असतात. मोठ्यांची एक फेरी साधारण ९० मिनिटांची, या वयाच्या मुलांची त्याहून लहान, साधारण तासाभराची. प्रत्येक फेरीच्या शेवटी झोप पातळ होते आणि क्षणभर जागही येते. सगळ्यांनाच येते, तुम्हालाही आणि मलाही. आपण कूस बदलतो, उशी ठीक करतो, सकाळी काही आठवत नाही. मुलाला त्या क्षणी सगळं झोपताना होतं तसंच सापडलं तर तेही पुन्हा झोपतं. छकुलीला जाग यायची तेव्हा हातात कान नसायचा. झोपताना होता, आता नाही! तुमची उशी कुणी मध्यरात्री काढून नेली तर तुम्हीही उठून बसाल. म्हणून ती जाग येते हा दोष नव्हताच, ती बंदही होणार नव्हती. बदलायचं होतं ते रात्री पहिल्यांदा झोप लागतानाचं चित्र.

दुसरी गोष्ट दुपारच्या झोपेची. सव्वासहाला उठलेल्या मुलीला नऊला अंथरुणात घालत होते आणि दीड तास झटापट चालायची. झोपेला भूक लागावी लागते, आणि इथे भूक लागायच्या आत ताट वाढलं जात होतं. एक ते दोन वर्षांच्या मुलांना २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३, दोन्हींत दुपारची झोप धरून. छकुलीची बेरीज जेमतेम दहा भरत होती, तीही फाटकी.

तिसरी गोष्ट सांगताना मला शब्द जपून वापरावे लागले, कारण आई आणि बाबा एकमेकांकडे बघायला लागले होते. दर वेळी वेगळं काहीतरी मिळत होतं. कधी कान, कधी खांदा, कधी व्हिडिओ, कधी दूध. अशा वेळी मूल थांबत नाही, पुढचं काय मिळेल ते पाहत राहतं. हा लबाडपणा नव्हे. आणि बाबांनी व्हिडिओ लावला तो आळसाने नाही, सकाळी दोघांनाही कामावर जायचं असतं म्हणून. हे तिघांचंही दमणं होतं.

योजना आम्ही मिळून ठरवली. दार लावून मुलाला एकटं रडू द्या, असं मी सांगत नाही. त्याने नुकसानच होतं असं मात्र नाही. बाळाला हळूहळू स्वतः झोपायला शिकवण्याचे मार्ग आईबाबांना समजावून देणारा एक ऑस्ट्रेलियन अभ्यास झाला. त्यात ३२६ मुलं होती. त्यांतल्या २२५ मुलांची पुढे वयाच्या सहाव्या वर्षी पुन्हा पाहणी झाली, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांच्या मनावर किंवा आईशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम दिसला नाही. पण ज्या आईला ते सोसवत नाही ती चाळीस मिनिटांनी आत धावते, आणि चाळीस मिनिटं रडलं की आई येते एवढंच मूल शिकतं. म्हणून रात्री तीनलाही निभावेल तेवढंच ठरवायचं.

दुपारची झोप एकला, तीनपर्यंत. सकाळी सातला उठवायचं, रात्र कशीही गेली तरी. पहिले काही दिवस अंथरुणात जायची वेळ दहा, म्हणजे तिला खरोखर झोप येते तेव्हाची. मग दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे. झोपायच्या तासभर आधी मोबाइल-टीव्ही बंद, दिवे मंद, कारण उजेडामुळे झोपेचा संकेत देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं. बाटलीतलं दूध दर दोन रात्रींनी थोडं थोडं कमी. आणि कान नाही. त्याऐवजी आई शेजारी बसून पाठीवर हात ठेवेल, काही रात्रींनी नुसती बसेल, मग खुर्ची दाराकडे सरकेल. रात्रीची वाटणी दोनच्या ठोक्याला: तोपर्यंत बाबा, नंतर आई. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं. आईला सलग चार तास मिळाले पाहिजेत, यावर मी अडून बसले.

एक सूचना मात्र ठासून दिली. तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणं वाढेल. नेहमीचं मिळत नाही म्हटल्यावर मूल आधी आवाज चढवतं, मग सोडतं. बहुतेक घरं नेमकी तिथे हार मानतात.

तिसऱ्या रात्री छकुली पंचावन्न मिनिटं रडली. बाबा शेजारी बसून एकच वाक्य म्हणत राहिले, “मी इथेच आहे, आता झोपायचं.” आई पलीकडच्या खोलीत उशीत तोंड खुपसून. सकाळी तिचा संदेश आला: “आज सोडून देऊ का?” मी लिहिलं, “आजची एक रात्र काढा, उद्या बोलू.”

मध्येच एका रात्री साडेअकराला छकुली किंचाळत उठून बसली. डोळे उघडे, आईला ढकलत होती, ओळखत नव्हती. घरातले घाबरून गेले. झोपेच्या पहिल्या काही तासांत गाढ झोपेतून अर्धवट जाग आली की असं होतं, याला रात्रभय म्हणतात. तेव्हा उठवायचं नाही, कवटाळायचं नाही, फक्त लागणार-पडणार नाही एवढं पाहायचं. काही मिनिटांत मूल पुन्हा झोपतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं. त्यातून मूल खरोखर जागं होतं, घाबरून तुम्हाला शोधतं. तेव्हा मात्र हक्काने जवळ घ्यायचं.

कानाच्या बदल्यात आईने कापडी ससा आणला होता, तो छकुलीने दोनदा खाली फेकला. नवव्या रात्री आई पाठीवर हात ठेवून बसली होती. मुलगी चुळबुळत होती, हात अंधारात काहीतरी शोधत होता. तो स्वतःच्याच कानाशी गेला. दोन बोटांत पाळी धरली, थोडी चोळली, आणि श्वास संथ झाला. आई सांगत होती, “मी हललेसुद्धा नाही हो. इतके महिने ते तिच्याजवळच होतं.”

तीन आठवड्यांनी छकुली सव्वानऊला झोपत होती, रात्री एकदा उठत होती, कधी तेही नाही. मग ताप आला. पाच दिवस ती आईच्या कुशीत झोपली, तसंच झोपवायलाही हवं होतं. ताप उतरल्यावर सगळी घडी विस्कटलेली. या वेळी मला फोन आला तो विचारायला नव्हता, सांगायला होता: “खुर्ची परत पलंगाजवळ आणलीय. चार दिवस लागतील बहुतेक.”

बोलणं संपता संपता ती म्हणाली, “एक सांगू? काल ती स्वतःचा कान धरून झोपली, आणि मला माझा कान उगाचच मोकळा वाटला.” मी तिला सांगितलं, दिवसा मागा तिच्याकडे. दिवसा देईल ती.