आधी कागद काढ

चि. बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्याच गल्लीतल्या मुलीच्या खुनात फाशी झालेल्याची वकिली तुझ्याकडं आली, आणि तू लिहितेस, ‘मेलेल्या मुलीच्या आईचं तोंड बघवत नाही, आणि मी मारणाऱ्याचं वेड शोधत फिरू?’ गाव एक, गल्ली एक. घरी काय ऐकावं लागत असेल, ते खानापूरकडचा म्हणून मला कळतं. तरीही आधी त्याच्या आजाराचे इस्पितळातले कागद काढ.

तू दोन गोष्टींचा काला केलास. खुनाच्या वेळी भान होतं का, हा जुन्या दंडसंहितेच्या कलम ८४चा प्रश्न, आता भारतीय न्याय संहितेत कलम २२. त्याचा निकाल लागला, तो दोषी ठरला. शिक्षेनंतर भ्रमिष्ट झालेल्याला फासावर द्यायचं का, हे वेगळं. २०१४ साली शत्रुघ्न चौहान प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १५ जणांची फाशी रद्द केली, त्यात आपल्या बेळगावच्या हिंडलगा तुरुंगातलेही काही होते. त्यांना दयेच्या अर्जाच्या दिरंगाईनं वाचवलं, पण मानसिक आजार हेही कारण त्याच निकालात मान्य झालं. २०१९ साली महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी आजारावरूनच गेली. सुटला नाही तो, जन्मभर तुरुंगातच. त्या आईला एवढं तरी सांग.

माझ्याकडं एक म्हातारी आली होती, लेकावर खुनाचा खटला होता. पिशवीत धारवाडच्या इस्पितळाचे केसपेपर, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या रबरानं बांधलेल्या. मी म्हटलं, ‘मावशी, खुनाच्या दिवशी तो शुद्धीत होता, याचा काय उपयोग?’ पिशवी परत दिली. फाशी सुनावल्यावर भेटलो, तर तो विचारतो, ‘वकीलसाहेब, सुगीला सोडतील न्हवं?’ पुढं अपिलात जन्मठेप झाली, ती दुसऱ्याच मुद्द्यावर. माझ्यामुळं नाही. तेव्हा कायदाच तसा होता, असं मी सांगत आलो, आणि ते अगदीच खोटं नाही. पण शिक्षेवर वेगळं ऐकून घ्यायची तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच होती. ती पिशवी तिथं ठेवता आली असती.

ढोंग असेल म्हणतेस? ते डॉक्टर बघतील. तू डॉक्टर नाहीस, न्यायाधीशही नाहीस. कागद काढ! आपण कशापायी मरतोय हेच ज्याला कळत नाही, त्याला टांगून त्या माउलीच्या पदरात काय पडणार, सांग मला.

सोमवारी पहिल्या गाडीनं धारवाडला जा. त्याच्या आईला बरोबर घे, नोंदवहीत लेकाचं नाव कसं लिहिलंय ते तिलाच ठाऊक. आणि तिच्याकडं जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या असतील, तर त्या आजच ताब्यात घे.