ढगाच्या अलीकडूनच वळ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

कराडच्या धावपट्टीवरून आता तू एकटीच विमान घेऊन क्रॉस-कंट्रीला, म्हणजे दूरच्या धावपट्टीपर्यंतच्या उड्डाणाला जाणार, असं तुझ्या बाबांकडून कळलं. ते पेढे वाटत सुटलेत. माझं लक्ष मात्र पश्चिमेच्या आभाळाकडे आहे. कोयनेकडचे ढग तू लहानपणापासून बघतेस. पाटणकडचे डोंगर आत्ता दिसतात आणि चहा संपेपर्यंत गायब होतात.

इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे तुझ्याकडून घोटून घेतलं असेलच. पण इंजिन ठणठणीत असलेली विमानंही ढगात शिरून पडतात. 1954 सालच्या इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा रीतीने उडवून पाहिलं. झाडून सगळ्यांचा ताबा सुटला, तोही सरासरी 178 सेकंदांत.

घरी फिरती खुर्ची आहे ना? डोळे मिटून बस आणि भावाला सावकाश, एकाच वेगाने फिरवायला सांग. थोड्या वेळाने वाटेल, खुर्ची थांबली. तो खरंच थांबला की वाटेल, आपण उलटे फिरतोय. कानाच्या आतल्या नळ्यांमधला द्रव वळण सुरू होताना मागे राहतो, म्हणून वळण कळतं. वीसेक सेकंदांत तोही त्याच वेगाने फिरू लागतो, की संपलं! विमान एका अंगावर कललेलं असतं आणि तुला वाटतं, सरळ चाललंय. उंची घटताना दिसते म्हणून तू नाक वर ओढतेस, आणि गिरकी आणखी आवळत जाते.

अनुभवी माणसाचेही कान हेच. 2020 मध्ये कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट ज्या हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला, त्याच्या वैमानिकाचं उड्डाण 8,000 तासांहून अधिक होतं. आपण 4,000 फुटांवर चढतोय, असं तो रेडिओवर सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर वळत वळत खाली येत होतं.

म्हणून समोर क्षितिज पुसट व्हायला लागलं की तिथूनच माघारी फीर. ‘बघू जरा पुढे’ हे नको. चुकून शिरलीसच, तर खिडकीबाहेर बघत बसू नकोस. कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या समोरच्या उपकरणावर नजर ठेवून आधी पंख सरळ कर. मग सेकंदाला तीन अंश, असं सावकाश वळ. मिनिटभरात तोंड आल्या वाटेला होतं. रेडिओ त्यानंतर. शरीर ओरडून सांगेल की तू पडते आहेस. ओरडू दे. पावसाळ्याआधी इन्स्ट्रक्टरांच्या मागे लागून डोळ्यांवर हूड, म्हणजे बाहेरचं दिसू न देणारी झापड लावून हा सराव पुन्हा करून घे. कंटाळवाणा आहे, तरी.

आणि ढगांमुळे दुसऱ्याच धावपट्टीवर उतरावं लागलं, तर तिथून मला फोन कर. कितीही वाजले तरी गाडी घेऊन येईन. बाबा काही बोलले तर काकांनीच सांगितलं होतं म्हणून सांग.

तुझा,
काका